मिटविणे आणि थांबविणे

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, देणगीदारांची नामावली आणि थोरामोठ्यांचे शुभसंदेश यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु उद्या ज्यांच्या हाती हा ट्रस्ट जावयाचा, त्या मुलांच्या एका दुखण्याविषयी याच प्रसंगी लिहावे असे आम्हांस वाटते. आपल्या उचगावात, किंबहुना बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या या सबंध सीमाभागात, मुलांनी एकत्र येण्याच्या जागा थोड्या नाहीत. गणेशोत्सव मंडळ, शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी, लेझीम आणि ढोलपथक, कबड्डीचा संघ, तालीम, अभ्यासिका, दिवाळीत किल्ला उभारणारी गल्लीतली पोरे, अशी ही यादी मोठी आहे. या जागांनी आपल्या कितीतरी मुलांना शिस्त दिली, धीटपणा दिला, जन्माचे सोबती दिले. मात्र जेथे पंधरावीस मुले जमतात, तेथे एखाद्याच्या वाट्याला सोबत्यांचा छळही येतो. तो वडीलधाऱ्यांच्या कानी बहुधा फार उशिरा जातो. कानी गेल्यावर आपण काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

थट्टा कोणती आणि छळ कोणता

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुले एकमेकांची थट्टा करतात, भांडतात, तासाभराने पुन्हा एकत्र खेळतात. त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये हेच बरे. मग छळ कशाला म्हणावे? नॉर्वेमधील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० नंतरच्या काळात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आज जगभर मानल्या जातात. पहिली खूण, समोरच्याला दुखविण्याचा हेतू. दुसरी, तोच प्रकार त्याच मुलाच्या बाबतीत पुनःपुन्हा होणे. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, दोघांच्या बळात असलेले अंतर. आपल्याकडे ‘बळी तो कान पिळी’ म्हणतात, त्यात ही तिसरी खूण नेमकी आली आहे.

हे बळ नेहमी दंडातलेच असते असे नाही. वय, संख्या, घरची सांपत्तिक स्थिती, जात, भाषा, पथकातला मान, ही सारी बळेच होत. आपल्या भागात मराठी आणि कानडी या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. मराठी मुलांच्या घोळक्यात एखाद्या कानडी मुलाच्या उच्चारांची नक्कल होते, तर दुसरीकडे मराठी मुलाला तोच अनुभव येतो. एखाद्याला रोज ढोल उचलायला लावतात, पण वाजवायला देत नाहीत. एखाद्याच्या नावाऐवजी त्याच्या बापाच्या धंद्यावरून त्याला हाक मारतात. मुलींमध्ये मारामारी क्वचित होते. तेथे अबोला धरणे, एकीला गटातून वगळणे आणि तिच्याविषयी वावड्या उठविणे हे चालते. गावाने कुटुंबाला वाळीत टाकण्याची रीत आपण निंद्य मानतो, आणि महाराष्ट्राने तर २०१६ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला. पंधरा वर्षांच्या पोरींनी एकीला वाळीत टाकले तर तिचे दुःख त्याहून लहान समजण्याचे कारण नाही.

मोबाईलने या सर्वांत भर घातली आहे. पूर्वी मुलगा घरी आला की निदान रात्रीपुरता सुटत असे. आता पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे विद्रूप केलेले छायाचित्र रात्री अकराला येते, चाळीस जण हसतात, आणि सकाळी त्याला त्याच चाळीस जणांत उभे राहावयाचे असते. ‘मांजराचा खेळ होतो पण उंदराचा जीव जातो’ ही म्हण अशा वेळी आठवावी.

पंचाईतीची रीत येथे का चालत नाही

अशी तक्रार आली म्हणजे आपल्याकडे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. समजा, लेझीमपथकातल्या एका मुलाचे वडील येऊन सांगतात की, “अण्णा, आमचा पोरगा सरावाला यायला तयार नाही, दोघेतिघे त्याला सारखे धरतात.” अण्णा दोन्ही बाजूंच्या मुलांना एकत्र बोलावतात. टाळी एका हाताने वाजत नाही, असे म्हणून दोघांनाही थोडे थोडे रागे भरतात. मग दोघांना हात मिळवायला लावतात, चहा होतो, आणि प्रकरण मिटले म्हणून सर्वजण समाधानाने घरी जातात.

यात अण्णांचा हेतू वाईट नाही. बांधाचा तंटा, पाण्याच्या पाळीचा तंटा गावाने याच रीतीने पिढ्यान्‌पिढ्या सोडविला आहे. परंतु बांधाच्या तंट्यात दोघेही शेतकरी असतात, दोघांच्याही हाती जमीन असते, आणि दोघांनी हातभर मागे सरायचे असते. छळात तसे नाही. एकजण मारतो, दुसरा मार खातो. मार खाणाऱ्याने मागे सरावे तरी किती? त्याच्यापाशी सोडून देण्यासारखे काही उरलेलेच नसते. त्याला समोरासमोर बसवून विचारले तर तो भीतीने म्हणतो, “काही नाही, चेष्टा चालली होती.” झाले, तक्रार खोटी ठरली. आणि दुसऱ्या दिवशी, जेथे अण्णा नाहीत अशा ठिकाणी, चुगली केल्याचा हिशेब वेगळा चुकता होतो.

म्हणून आम्ही असे म्हणतो की, मिटविणे निराळे आणि थांबविणे निराळे. मिटविण्याने मोठ्यांची काळजी दूर होते. थांबविण्याने मुलाची होते. शाळांतील अनुभवावरून जाणती मंडळी आज हेच सांगतात की, समान बळाच्या भांडणात समेट उपयोगी पडतो, छळात तो उपयोगी पडत नाही, प्रसंगी अपायच करतो.

तक्रार पोटात घालण्याची किंमत

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात पुष्कळदा खरी ठरते. या बाबतीत मात्र ती घातक आहे. मुंबईतील नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जळगाव भागातील आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आपली जीवनयात्रा संपविली. त्यानंतर तीन वरिष्ठ डॉक्टरांवर, जातीवरून छळ केल्याच्याही आरोपाखाली, खटला भरण्यात आला. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे, आणि त्याविषयी आम्ही काही म्हणत नाही. परंतु त्यांच्या मातोश्रींनी जाहीरपणे सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक संस्थाचालकाने मनाशी धरावी. मुलीला त्रास होतो हे आपण आधीच वरच्या माणसांच्या कानी घातले होते, असे त्या माउलीचे म्हणणे आहे.

यापूर्वी वीस वर्षे, म्हणजे १९९९ साली, महाराष्ट्राने रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला होता. छळ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. आम्हांस त्यातील दुसरी तरतूद अधिक विचार करण्याजोगी वाटते. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे, आणि तो जर हयगय करील तर त्याने त्या गुन्ह्यास साहाय्य केले असे धरले जाते. म्हणजे तक्रार खिशात ठेवून बसणारा प्रमुख कायद्याच्या दृष्टीने बघ्या राहत नाही, भागीदार होतो. हा कायदा महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांपुरता आहे. आपल्या कर्नाटक राज्यात १९८३ च्या शिक्षण कायद्यान्वये रॅगिंग दंडनीय आहे. गावातले मंडळ यांपैकी कोणत्याच कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. पण कायद्याने बांधलेले नसले तरी त्यातील तत्त्व आपल्यालाही लागू आहे, असे आमचे मत आहे.

तक्रार आली म्हणजे काय करावे

पहिली गोष्ट ऐकण्याची. मुलाला एकट्याला, शांत जागी, दार उघडे ठेवून, त्याच्या विश्वासातले कोणी मोठे माणूस जवळ असताना बोलते करावे. “तू काय केलेस?” हा पहिला प्रश्न नसावा. “बाळ, तू सांगितलेस हे बरे केलेस,” एवढे वाक्य आधी यावे. कोणाला सांगणार नाही असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येत नाही; ज्यांना सांगणे जरूर आहे त्यांनाच सांगू, असे म्हणावे.

दुसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. कोण, कोठे, केव्हा, किती वेळा, कोणाच्या देखत, हे त्याच दिवशी वहीत तारखेसह उतरवावे. मोबाईलवरचा मजकूर असेल तर तो पुसण्याआधी त्याची प्रत ठेवावी. आज किरकोळ वाटणारी नोंद तिसऱ्या वेळी आलेल्या तक्रारीशी जुळली म्हणजे तिचा अर्थ कळतो. वही एकाच जबाबदार माणसाकडे कुलपात असावी.

तिसरी गोष्ट संरक्षणाची, आणि ती चौकशी पुरी होण्याची वाट पाहत नाही. त्याच संध्याकाळपासून दोघांची जागा वेगळी करावी, सरावाच्या वेळी मोठे माणूस हजर ठेवावे, घरी जाताना सोबत द्यावी. येथे एक चूक फार ठिकाणी होते. ज्याला त्रास झाला त्यालाच आपण सांगतो की, “चार दिवस तू येऊ नकोस, वातावरण निवळू दे.” म्हणजे मार खाल्ला त्याने, आणि पथकही सुटले त्याचेच! दूर ठेवावयाचे असेल तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला काही दिवस दूर ठेवावे.

चौथी गोष्ट चौकशीची. दोघांना समोरासमोर न बसविता वेगवेगळे विचारावे. पाहणाऱ्या मुलांनाही एकेकट्याने विचारावे, घोळक्यात खरे कोणी बोलत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही पुरते ऐकावे. तक्रार कधी अतिशयोक्तीची असते, कधी माणूसच दुसरे असते. सात दिवसांत निर्णय करावा आणि तो दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगावा.

पाचवी गोष्ट पाठपुराव्याची, आणि हीच बहुधा राहून जाते. आठ दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्या मुलाला पुन्हा विचारावे. तो निर्धास्तपणे सरावाला येऊ लागला म्हणजे छळ थांबला. तोपर्यंत तो केवळ मिटलेला असतो.

आपलाच मुलगा निघाला तर

खरी कसोटी पुढेच आहे. दांडगाई करणारा मुलगा पुष्कळदा सामान्य नसतो. तो संघाचा सर्वांत चांगला चढाईपटू असतो, ढोलपथक त्याच्यावाचून उभे राहत नाही, किंवा तो एखाद्या विश्वस्ताचा नातू, मोठ्या देणगीदाराचा मुलगा असतो. गाव लहान, कोणी कोणाचा मामा, कोणी कोणाचा व्याही. अशा वेळी त्या क्षणी न्याय सुचणे माणसाला कठीण जाते, यात नवल नाही. म्हणूनच नियम आधी, शांत डोक्याने, कोणाचेही नाव समोर नसताना लिहून ठेवावयाचे असतात. त्यात एक नियम असा असावा की, ज्याचे नाते वा व्यवहार दोन्हीपैकी कोणत्याही घराशी आहे, त्याने चौकशीतून आपण होऊन बाजूला व्हावे. यात त्याचा अपमान नाही. त्याची अडचणच टळते.

दोष ठरला तर काय करावे? मारहाण, चारचौघांत उठाबशा, तोंडाला काळे फासणे हे कटाक्षाने टाळावे. बळ असेल त्याने दुबळ्याला हिणवावे हाच धडा त्यातून तो पुन्हा शिकतो. शिक्षा स्पष्ट आणि मुदतीची असावी. उदाहरणार्थ, दोन महिने पथकातली पुढची जागा नाही, गटनायकपद नाही, स्पर्धेत भाग नाही. ती कोणत्या कृत्याबद्दल आहे हे त्याला समजावून सांगावे. त्याच वेळी परत येण्याची वाटही दाखवावी. कायमचा हाकलून दिलेला मुलगा सुधारत नाही. तो चौकात उभा राहतो, आणि तेथे त्याला विचारणारे कोणी नसते. पुष्कळदा अशा मुलाला घरीच पट्ट्याची भाषा ऐकू येत असते. त्याच्या आईवडिलांशी एकांतात बोलल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये. आणि त्या आईवडिलांना आमची विनंती अशी की, तक्रार घेऊन आलेल्या माणसाला शत्रू मानू नका. आपल्या मुलाचे वळण वेळीच कळले, हा त्याचा उपकारच होय.

बघे आणि मोठ्यांची हजेरी

छळणारा आणि छळला जाणारा यांच्याभोवती तिसरा एक वर्ग असतो, तो बघ्यांचा. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी यावर लक्ष केंद्रित केले. कोणी हसून प्रोत्साहन देतो, कोणी हातभार लावतो, कोणी मान फिरवितो, आणि एखादाच त्या मुलाच्या बाजूने उभा राहतो. दांडगाईचे खत म्हणजे हे हसणेच. ते आटले की रोप सुकते. म्हणून सगळ्या पथकाशी एकत्र बोलताना उपदेश थोडा आणि विनंती नेमकी असावी. हसू नका, त्या मुलाशेजारी जाऊन बसा, आणि दादाला किंवा ताईला सांगा. सांगणे आणि चुगली यांतला फरकही मुलांना कळावा. कोणाला अडकविण्यासाठी बोलणे ही चुगली. कोणाला सोडविण्यासाठी बोलणे हे धैर्य.

दुसरा उपाय मोठ्यांच्या हजेरीचा. १९८२ साली उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, आणि सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण असावे असे दिसून आल्यावर त्या देशाने १९८३ मध्ये सर्व शाळांतून मोहीम हाती घेतली. बर्गेन येथे ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेयस यांनी दोन वर्षे लक्ष ठेवले, आणि छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले. मधल्या सुट्टीत जेथे अधिक शिक्षक मैदानावर असत तेथे छळ कमी असे, हेही त्यांनी दाखविले. उपाय महाग नव्हता. मोठी माणसे मुलांमध्ये वावरू लागली होती.

हे शिकण्यासाठी आपल्याला नॉर्वेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीत आणले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. त्याच साताऱ्याच्या शाळेत, पाव शतकापूर्वी, बाल भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते आणि पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच गावात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली, ती आपोआप नव्हे. भाऊराव आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांत राहत होते, म्हणून. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले हे सर्वश्रुत आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मुलांजवळ होत्या.

कायद्याचे एवढे ठाऊक असावे

काही प्रसंग मंडळाच्या हातचे नसतात. मुलाला गंभीर इजा झाली, पैसे उकळले गेले, किंवा तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर घरच्यांना तत्काळ कळवून पोलिसांची वा डॉक्टरांची मदत घ्यावी. लैंगिक स्वरूपाची कोणतीही गोष्ट कळली तर पोक्सो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ते न केल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेथे पंचाईत करण्याचा अधिकार कोणालाच नाही. अनुसूचित जातीजमातींच्या मुलाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे, ज्याच्या देखरेखीखाली मूल आहे त्याने मारहाण किंवा जाणूनबुजून हयगय केली तर तोही गुन्हाच आहे. अठरा वर्षांखालील मुलाने अपराध केला तर त्याच्यासाठी बाल न्याय मंडळाची वेगळी वाट आहे, हेही लक्षात ठेवावे. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. ते अभ्यासिकेच्या आणि तालमीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत.

आपण काय करू शकतो

महोत्सवाच्या वर्षी नवी इमारत, नवा रथ, नवे ढोल यांसाठी देणग्या गोळा होतील, आणि त्या व्हाव्यात. त्यांच्या जोडीस बिनखर्चाच्या चार गोष्टी ट्रस्टने कराव्यात अशी आमची सूचना आहे. मुलांच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन व्यक्ती नेमाव्यात, आणि त्यांतील एकाला तरी कानडीही उत्तम येत असावी. नियमांचे एक पान, मराठीत आणि कानडीत, छापून प्रत्येक घरी द्यावे. प्रत्येक सरावाला आणि सहलीला कोणते मोठे माणूस हजर राहील याची पाळी लावावी. आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेपुढे, कोणाचेही नाव न घेता, किती तक्रारी आल्या आणि किती थांबल्या एवढे दोन आकडे वाचून दाखवावेत.

दुसरा आकडा पहिल्याइतका असावा, ही अपेक्षा. पण पहिला आकडा शून्य असेल तर मात्र सभासदांनी निश्चिंत होऊ नये. जेथे मुले जमतात तेथे काही ना काही घडतेच. शून्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, मुले अजून आपल्याजवळ येऊन बोलत नाहीत. ती बोलू लागतील असे आपण वागावे, इतकीच सर्व सभासद बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे.